इंजिनातल्या अक्षता

हॅलो?

मी अभिमन्यू बोलतोय, अक्का. फोन आईचाच आहे… माझा केव्हाच मेला. सकाळपासून त्यावर व्हिडिओ लावून इंजिन उघडत होतो ना. आता आईच्या फोनचा टॉर्च करून बॉनेटखाली उभा आहे.

नाही, आईला देत नाही. आई स्वयंपाकघरात आहे आणि आमचं बोलणं बंद आहे… दोन तास झाले.

मी काय केलं? तिनं काय केलं ते विचार.

हो, हो… अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगतो. गाडी महिनाभर झटके खात होती… अप्पांचीच, दुसरी कुठली गाडी आहे आपल्याकडे? शिवाजीनगरचा मेकॅनिक म्हणाला, दसरा झाल्यावर आणा. आता दसऱ्यालाच तर ती लागते. उद्या सोनं म्हणून बन्नीची पानं घेऊन तुझ्याकडे मारतहळ्ळीला यायचं, ते त्याच गाडीतनं. तुझ्या लग्नापासून एक दसरा चुकवला नाही अप्पांनी. म्हटलं, चार प्लग तर बदलायचेत. मीच बदलतो.

हस. तूही हस.

पहिला प्लग जागचा हलेना. दुसऱ्याची टोपी वायरसकट हातात आली. मग ऑइलचा डबा लवंडला, तो थेट आईच्या रांगोळीत. तरी मी शांत होतो… होतो गं. भीमाचार्यांना विचार, वरच्या गॅलरीतनं बघत होते सगळं. चारी प्लग काढले आणि नवे आणायला जेसी रोडला गेलो. आज आयुधपूजा, अर्धी दुकानं बंद. एक उघडं सापडलं, तिथंही आधी आरती, मग गिऱ्हाईक. दीड तास मोडला.

सरी, सरी… बरं, मुद्द्यावर येतो.

परत येऊन बघतो तर बॉनेटला झेंडूची माळ. इंजिनला हळदकुंकू. आणि माझे पाने गायब. सगळे. कुठे असतील सांग.

बरोबर. देवघरात. पुसून, गंध लावून, ओळीनं मांडलेत. आणि पूजेत ठेवलेलं हत्यार उद्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. वर्षभर ते पाने माळ्यावर गंजत पडतात, तेव्हा कुणाला त्यांची आठवण येत नाही. आज नेमकी भक्ती.

थांब, ते काहीच नाही. प्लग काढलेल्या भोकांत अक्षता टाकल्यात.

अक्षता गं. तांदूळ. ती भोकं सरळ इंजिनाच्या पोटात जातात, आत पिस्टन वरखाली होतो. एक दाणा कुठं अडकला की… नाही निघत फुंकर मारून. कुकर आहे का तो?

कळत कसं नाही? अंगठा जाईल एवढी भोकं आहेत. एक नाही, चार. मी विचारलं, कुणी केलं हे? आई म्हणते, मी केलं. पदराला हात पुसत, अगदी शांतपणे. माझं डोकंच फिरलं.

बोललो काहीतरी… जाऊ दे.

जाऊ दे म्हटलं ना.

आंधळी आहेस का, म्हणालो. एवढी भोकं दिसत नाहीत, आंधळी आहेस का तू. … हो, मोठ्यानं. गल्लीभर ऐकू गेलं असेल. वरून भीमाचार्य म्हणतात, दृष्ट लागलीय, कुंबळकाई फोडा. कोहळा फोडून इंजिन चालू होतं का?

तू तिची बाजू घेऊ नकोस. दरवेळी तुम्ही दोघी एक होता आणि मी…

काय?

अप्पांनी? तुला फोन केला होता? कधी?

परत सांग. हळू सांग.

यंदाची पूजा मी केली, असं म्हणाले? … आई नुसती ताट धरून उभी होती. बरं. … हातानं चाचपून गंध लावलं. बरं. आणि अक्षता…

अगं पण असं कसं होईल. तेहतीस वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. प्लग कसा काढायचा ते मला त्यांनीच शिकवलं. उघडी भोकं त्यांना दिसली नाहीत?

अक्का.

दिसत नाहीत म्हणजे?

मला तर म्हणतात, स्वल्प धूसर आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल… कधीपासून? गणपतीपासून? आणि तुम्हा दोघींना माहीत होतं. मी एकाच घरात राहतो, रोज समोर बसून जेवतो, आणि मला नाही.

शपथ कसली घालतात? … कळलं तर मी गाडी विकून टाकीन, असं वाटलं त्यांना. … विकली असती. खोटं कशाला बोलू.

म्हणून परवा म्हणाले, यंदा तू चालव, मी शेजारी बसतो. मला वाटलं, एकदाचा विश्वास बसला माझ्यावर. खूश झालो होतो गं मी.

रडत नाही. चिडलोय. तुम्हा सगळ्यांवर चिडलोय.

थांब, मधे बोलू नकोस. मी ते ओरडलो, तेव्हा अप्पा हॉलमधे होते. खिडकीपाशी, खुर्चीत. खिडकी उघडी होती, अक्का.

जेवलेही नाहीत मग. आई सांगायला आली होती. मी म्हटलं, नसेल भूक.

तांदळाचं काय घेऊन बसलीस आता…

एक मिनिट. दार उघडलं.

अप्पा, तिथंच थांबा. खाली ऑइल सांडलंय. भिंत धरा… डावीकडनं. हातात काय आहे तुमच्या?

अक्का, प्लगचा पाना आणलाय त्यांनी. देवघरातनं उचलून. कुंकवासकट. पूजेतल्या हत्याराला कधी बोट लावू दिलं नाही आपल्याला, आणि आज स्वतःच…

काय अप्पा? … म्हणतायत, प्लग बसवायच्या आधी नुसता सेल्फ मार, दाणे उडून बाहेर पडतील. म्हणतायत, मी कान लावून उभा राहतो. आत एक जरी राहिला तरी मला आवाजात कळेल.

अप्पा, ऐका. चूक आईची नाही. … नाही, तुमचीही नाही. इंजिन उघडं टाकून मी गेलो. वर साधं फडकं टाकलं नाही. माझी चूक आहे.

अक्का, ठेवतो. उद्या ओवाळायचं ताट तयार ठेव. गाडी चालली तर गाडीतनं, नाहीतर रिक्षातनं, अप्पांना घेऊन येतोच. … हो, आईच्या पाया पडतो. पण आधी अप्पांना हात देऊ दे. दारापुढे दोन पायऱ्या आहेत, आणि ते पायानं शोधतायत.

ठेवतो गं.