ट्रायलला गेलेली गाडी

— हॅलो? आई? … हो, मीच. … ऐकू येतंय ना? जरा मोठ्याने बोल. काय घोंघावतंय एवढं तिकडे? … पंखा? … बरं, असू दे. उठू नकोस बंद करायला, गुडघा जप. ऐक. बाबा जवळ नाहीत ना?

गॅरेजच्या दाराशी बसायला बाकडं म्हणून कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची लांब सीट विटांवर ठेवलेली होती. तिच्या अगदी कडेला लेक टेकली होती, ऑफिसच्या कपड्यांना ऑइल लागू नये म्हणून गुडघे जुळवून. ओळखपत्र गाडीच्या साइडबॉक्समध्ये राहिलं होतं, ते न्यायला जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती. ओळखपत्र गाडीत होतं. गाडी गॅरेजमध्ये नव्हती.

— झोपलेत? बरं झालं. त्यांच्या कानावर घालू नकोस एवढ्यात. … अगं, मला काही झालेलं नाही. गाडीचं आहे. मला गॅरेज बदलायचंय. … हो, बदलायचंय. … माहितीये ना, मिस्त्रीकाका बाबांचे दोस्त, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. म्हणून तर तुला आधी फोन केला. तू शेजारच्या मावशींना विचार, त्यांचा जावई कुठे टाकतो गाडी. … ऑफिसात विचारून झालं. कॅशियर म्हणतो, कंपनीच्या शोरूमला टाका. तिथे सोफा आहे, थंड हवा आहे आणि गाडी काचेच्या पलीकडे. आत तिचं काय करतात ते त्यांनाच ठाऊक. वॉचमन म्हणतो, पुलाखालचा बरा. त्या पुलाखालच्याने ह्याचा ब्रेक दुरुस्त केला, तेव्हापासून हॉर्न वाजत नाही. … हसू नकोस. आई, मला विश्वासाचा माणूस हवाय. डोळे मिटून किल्ली हातात द्यावी असा. होता एक.

‘होता एक’ हे तिने फोनमध्ये कमी आणि गॅरेजमध्ये जास्त म्हटलं. मिस्त्री पलीकडे उकिडवे बसून रॉकेलच्या ट्रेमध्ये चेन घासत होते. चेन केव्हाच स्वच्छ झाली होती. मिस्त्री घासतच होते.

— का म्हणजे? काका माझी गाडी कुणालातरी फिरवायला देतात. … उगाच नाही बोलत. आरसे बघ. दर वेळी सर्व्हिसिंगहून आली की दोन्ही आरसे खाली वळवलेले. म्हणजे माझ्याहून बुटकं आहे कुणीतरी. … धुताना हलतात? दोन्ही सारखेच हलतात? मोजून? … बरं, ते सोड. चाकांना तांबडी माती. गॅरेजपासून आपल्या घरापर्यंत तांबडी माती दाखव मला कुठे आहे ती. … आणि मागचे फूटरेस्ट. आई, माझ्या मागे कोण बसतं? कुणी नाही. गाडी देते तेव्हा मिटलेले, परत येते तेव्हा उघडलेले. जोडीने हिंडतात, मेले! … आणि सगळ्यात कहर म्हणजे पेट्रोल. … नाही गं, कमी नाही. जास्त! मी दिलेलं असतं त्याहून जास्त. … तेच म्हणतेय मी! चोर टाकी भरून देतो का कधी परत?

… 

— तू का पण एवढी बाजू घेतेस त्यांची?

वाऱ्याचा नुसता घू घू आवाज. मग पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं असावं, कारण लेक बराच वेळ नुसती भिंतीवर टांगलेल्या जुन्या टायरकडे बघत होती.

— हं. … हं. … मनाने चांगले आहेत, मान्य. मीच सगळीकडे सांगत फिरत होते ना. चेन सैल झालीय, ताई, आणून टाक. क्लचकडे बघायला हवं, ताई, दिवसभर राहू दे. आणि संध्याकाळी घ्यायला जावं तर म्हणायचे, किरकोळ होतं, कसले पैसे. मी म्हणायचे काय देवमाणूस! … पण आज काय म्हणाले माहितीये? गाडी ट्रायलला गेलीय. कोण घेऊन गेलं? काका इथे बसलेत. वेल्डर तिथे जेवतोय. गाडी काय आपली आपण गेली ट्रायलला? … फोनवर मिस्त्रीकाकांना दे? कशाला? … आई, विषय बदलू नकोस.

गाडी खरं तर बाबांची. भर चौकात, चालत्या गाडीवर त्यांना पहिल्यांदा फिट आली तोवर त्यांचीच. रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा त्यांना लेकीचं नाव आठवत नव्हतं, गाडीचा नंबर मात्र घडाघडा म्हणत होते. पुन्हा केव्हाही येऊ शकते, सांगून येणार नाही, गाडी कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. पण घरात किल्ली असली की बाबांचा हात तिकडे जायचाच. मग लेकीने किल्ली आपल्याकडे घेतली. गाडी दारात नुसती उभी ठेवणं धोक्याचं, आणि विकायची म्हटलं की बाबा जेवायचे नाहीत. म्हणून तिने बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली त्या वयात, फाटकावर आपटत, गुडघे सोलवटत मोटरसायकल शिकून घेतली. तिला बस आवडायची. खिडकीपाशी बसून पुस्तक वाचता यायचं. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

— आई, ते वाजतंय ते काय गं?

…

— नाही, पंखा नाही. त्याच्या मागे. चिव चिव चिव… थांब, बोलू नकोस जरा.

वळण झालं तरी इंडिकेटर बंद करायचा ती विसरायची, म्हणून मिस्त्रींनीच तिच्या गाडीला हा आवाज बसवून दिला होता. भुकेल्या पिलासारखा, बंद करेपर्यंत पिच्छा न सोडणारा. बाबांना त्याचा त्रास नसे. बारीक आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच उठून गेले होते.

लेकीने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी चेन ट्रेमध्ये सोडली आणि ते फडक्याला हात पुसत राहिले.

— आई. पंख्याला इंडिकेटर कधी बसवलास?

…

— नको. काही सांगू नकोस. मी ओरडत नाहीये, ऐकतेयस ना, मी अजिबात ओरडत नाहीये. त्यांना एकदम हाक मारू नकोस, दचकतील. खांद्यावर हात ठेव. … हळूच. … डावीकडे घ्यायला सांग. दुकान, झाड, काहीही बघा. … हो. … घेतली? … थांबली? … पाय टेकलेत दोघांचे? … इंजिन बंद करा म्हणावं. आता किल्ली काढ. तू काढ, ते नाही. … पर्समध्ये टाक.

घू घू आवाज थांबला होता. चिवचिवही. तिकडच्या रस्त्यावरून एक अवजड गाडी गेली, ती संपूर्ण जाईपर्यंत लेक कानाला फोन लावून डोळे मिटून उभी होती. कधी उठून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

— बरे आहेत ना ते? … तोंड वाकडं? हात थरथरतोय? … नाही ना? नक्की ना?

…

— मग आता ओरडते. कधीपासून चाललंय हे?

…

— दर वेळी? दर सर्व्हिसिंगला? … म्हणजे माझा क्लच कधी बिघडलाच नव्हता. चेन सैल नव्हती. काका, ऐकताय का? माझी चेन सैल नव्हती! … त्यांच्याशी नाही, तुझ्याशीच बोलतेय. तू होतीस ह्याच्यात. मी घरातून निघताना किल्ली तपासायचे, दोनदा, आणि तू दारात उभी राहून म्हणायचीस, सावकाश जा. सावकाश जा! आणि मी वळले की पदर खोचून तयार!

… 

— घरात कसे असतात मला माहीत नाही? मीपण त्याच घरात राहते. खिडकीशी बसतात, रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून नाव सांगतात. बोलत नाहीत. दाढी करत नाहीत. … हो, मध्येच एखाद्या दिवशी करतात. गुळगुळीत. बेल्ट लावून बसलेले असतात, जेवताना विनोद करतात. … हो, दिसायचं ना मला. मला वाटायचं गोळ्या लागू पडल्या! आई, मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. म्हटलं, नव्या गोळ्यांनी बाबा हसायला लागलेत. त्यांनी तेच चालू ठेवलं माझ्या शब्दावर. तू शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवत होतीस.

आता तिकडून काहीतरी आलं, अगदी थोडं.

— काय म्हणालीस? … परत म्हण. … म्हणून मागे बसतेस? तू? त्यांना झटका आला तर तू धरून ठेवणार, ह्या गुडघ्यांनी? … मग काय होईल? … 

— दोघं एकदम.

हे तिने विचारलं नव्हतं. नुसतं ऐकलेलं परत म्हटलं होतं, पत्ता नीट लिहून घेताना म्हणतात तसं.

— बरं. तुमचं ठरलं. काकांना माहीत, तुला माहीत, बाबांना माहीत. आणि मी? मला कुठे बसवलं होतंत तुम्ही?

… 

— रडू नकोस. रस्त्यात उभी आहेस, रडू नकोस. … दे. दे त्यांच्याकडे.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

— बोला. … बाबा, काही सांगायचंय का तुम्हाला? … मी? मी क्लच दाबून चालवते? … प्लेट जळते, हो, समजलं. … मागचा ब्रेक? … बाबा, हे आत्ता? तुम्हाला आत्ता माझं ड्रायव्हिंग काढायचं आहे? … छान चालते, माहितीये. रोज मीच असते तिच्यावर. … नाही. … नाही, हळूहळूसुद्धा नाही. … माघारी नाही, पुढेही नाही. तिथेच थांबायचं, मी येते. रिक्षा करून येते. तुम्ही दोघं रिक्षात बसा, मी गाडी आणते. … नाटक नाही हे. … माझ्याकडे बघून बोलता आलं असतं का हे तुम्हाला? … मग शब्द द्या. … तसं नाही. नीट म्हणा. ‘तू येईपर्यंत हात लावणार नाही.’ … हं. … हं. कुठे आहात? … तलावाच्या रस्त्याला. तांबडी माती. बरोबर.

मिस्त्री जवळ आले होते. त्यांनी स्वतःच्या स्कूटरची किल्ली पुढे केली. काळ्या तळहातावर.

— नको, काका. तुमच्या कुठल्याच गाडीला हात लावणार नाही मी. … तुम्ही फोन करून बोलावत होतात ना त्यांना? आज गाडी आलीय म्हणून? … मान नका हलवू, बोला की. चेन सैल आहे, असं काहीतरी बोला. तेवढं छान जमतं तुम्हाला.

मिस्त्रींनी किल्ली सीटवर ठेवली आणि तिथेच उभे राहिले. लेकीने पर्स खांद्याला अडकवली, रिक्षासाठी रस्त्याकडे वळली. हातातला फोन बंद करायला म्हणून तिने वर धरला, तर तो चालूच होता. तिकडे ठेवलाच नव्हता कुणी.

आणि फोनमध्ये किक बसली. एक. मग दुसरी. इंजिनाने घसा खाकरला आणि लगेच लय पकडली. छानच चालत होती गाडी.

— आई? … आई, किल्ली तुझ्या पर्समध्ये होती ना? … आई, तू काढून दिलीस?

घू घू.

— बाबा, शब्द दिलात ना आत्ता! … आई, फोन कानाला लाव! … आई?

चिव चिव चिव. रस्त्यावर येताना दिलेला इंडिकेटर. बाबांना तो ऐकू येणार नव्हता. तो बंद करावा लागतो, हे आईला कधी माहीतच नव्हतं.

लेकीने फोन दोन्ही हातांनी तोंडापाशी धरला. जाणारेयेणारे वळून बघायला लागले होते.

— आई, तो आवाज इंडिकेटरचा आहे. बंद करायला सांग त्यांना. डाव्या अंगठ्याशी बटण आहे. … आई, खांद्यावर हात ठेव आणि सांग. मागून येणाऱ्याला वाटेल तुम्ही वळताय. … सरळ जाताय ना? … सरळच जाताय ना तुम्ही? …

हॅलो?