नेलपॉलिशची रेघ

द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून तुम्ही हसताय ना, तसेच मी बोटीवर फोर्थ इंजिनिअर असताना सेकंड इंजिनिअर सावंतसाहेब हसले होते. माझ्या बॉयलर सूटच्या खिशातून नेलपॉलिश पडलं तेव्हा. "ही इंजिन रूम आहे, पोरी. ब्यूटी पार्लर नाही!"

मी बाटली उचलून परत खिशात टाकली. मला एक संशय होता. मी पंपाचं झाकण बसवून गेले की मागून कुणीतरी नट पुन्हा आवळत होतं. म्हणून मी नटावरून झाकणापर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढायचे. बाबा एकलहऱ्याला वीजकेंद्रात रंगाने तसंच करायचे. नट हलला की रेघ तुटते.

एक दिवस पंप गळू लागला. सावंत चीफ इंजिनिअरसाहेबांना म्हणाले, "तरी सांगत होतो, मुलीला एकटीला ड्यूटी देऊ नका."

मी टॉर्च मारला. सगळ्या रेघा तुटलेल्या होत्या. "साहेब, माझ्यामागून कुणीतरी जास्त आवळलंय. झाकणाखालचं पॅकिंग त्यामुळेच फाटलंय."

चीफनी मान वळवली. "सावंत?"

"मी आपली खात्री करत होतो, सर."

माझी एकटीची ड्यूटी टिकली. दुसऱ्या दिवशी सावंत हात पुढे करून माझ्यासमोर उभे.

"ती बाटली दे जरा. त्या थर्ड इंजिनिअरवर माझा भरवसा नाही."