रोजची गोळी

वेल्समधल्या स्वान्सीच्या बसथांब्यावर माझ्या पुढ्यात दोघी नर्सा बोलत होत्या, एक पोक्त नि एक तरणी.

“लोवरी, नर्सांनी पेशंटला औषधं लिहून द्यायचा तो ऑनलाइन कोर्स केलावतास ना गं तू?”

“व्हिडिओ चालू ठेवला, नेरिसताई, अन् इस्त्री करत बसले. उत्तरं ग्रुपवर आलीच होती.”

“सगळ्यांनी तेच केलं, पोरी.”

“पण आठवड्यातून एकदाच घ्यायची सांधेदुखीची गोळी प्रॉसरआजोबांना रोज घ्या म्हणून मीच लिहून दिली. गेले ना ते!”

“त्यांच्या बायकोला सांगितलंस?”

“सांगायलाच गेले होते. दारातच गळ्यात पडली. म्हणाली, तू लिहिलेली एकही गोळी मी चुकू दिली नाही बघ.”

“मग?”

“मग काय, चहा पिऊन आले.”