भवानीच्या डोहातील मासे कोणी मारले, याबाबत अंबुबाई जगताप यांचे म्हणणे

नाव: अंबुबाई, पत्नी कै. जयसिंगराव जगताप
वय: एकसष्ट. आधार कार्डावर पंचावन्न पडले आहे, ते चूक आहे
धंदा: ब्लाउज शिवणे, साडीला फॉल-पिको
राहणार: भवानी गुडीशेजारी, ओढ्याकाठचा रस्ता, बोम्मसंद्राच्या पलीकडे, बेंगळूर

मी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले आहे आणि समोर बसून सांगते की, मला कोणी आणलेले नाही की पढवलेले नाही. कन्नड मला बोलता येते, भांडताही येते. पण सही करायची तर आधी स्वतःला वाचता आले पाहिजे, आणि वाचता मला मराठीच येते. म्हणून बेळगावकडचे हेड कॉन्स्टेबल गुरुप्रसाद हे माझे म्हणणे मराठीत लिहून घेत आहेत.

माझा मुलगा रणवीर, वय चौतीस, याने काल शुक्रवारी या ठाण्यात फिर्याद दिली की, मुग्धा केळुसकर या मुलीने देवीच्या डोहात विष कालवून मासे मारले. ती फिर्याद खोटी आहे. मुलीला काल संध्याकाळी सोडले आणि आज सकाळी पुन्हा बोलावून आतल्या खोलीत बसवले आहे. तिला घरी जाऊ द्यावे, एवढ्यासाठी हा जबाब आहे. मासे कोणी मारले तेही सांगणार आहे, पण ते ओघात येईल. मध्ये घाई करू नये, असे मी गुरुप्रसाद यांना बजावले आहे.

भवानीची गुडी, म्हणजे देऊळ, आमच्या घराण्याने बांधलेली आहे. गुडीखाली ओढ्यात डोह आहे. त्यातले बोटाएवढे, अंगावर काळा पट्टा असलेले मासे देवीचे आहेत असे आम्ही मानतो. ते कोणी धरत नाही. जात्रेच्या दिवशी चुरमुऱ्यांची पहिली मूठ त्यांना पडते, मग माणसांना. माझे सासरे जेवायला बसताना विचारायचे, त्यांचे झाले का? म्हणजे माशांचे. जात्रेच्या आधी आठवडाभर डोहाच्या तोंडाला फळ्या लावून पाणी अडवतात, म्हणजे पायऱ्यांपर्यंत डोह भरतो आणि दिसायला बरा दिसतो. एरवी ते पाणी वाहते असते.

मुग्धा ही मुलगी पुण्याची आहे. इथल्या विद्यापीठात ती ओढ्यातल्या माशांवर पीएच.डी. करते. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला चांगलीच झाडली होती. बादलीत देवीचे मासे पोट वर करून तरंगत होते आणि ही बाई शेजारी पट्टी घेऊन बसलेली. मी म्हटले, मेलीस तू आता. ती म्हणाली, "काकू, प्लीज, पाच मिनिटं थांबा. मेले नाहीत, झोपलेत. लवंगेचं तेल आहे, दातदुखीला लावतो ना, तेच. शुद्धीत मोजलं तर त्यांना फार स्ट्रेस होतो." मग तिने एकेक मासा मोजून दुसऱ्या बादलीत सोडला. त्या बादलीत ओढ्याचे ताजे पाणी होते आणि बुडबुडे सोडणारी एक छोटी मशीन होती. थोड्या वेळाने सगळे सरळ झाले आणि पळू लागले. मग तिने ते डोहात सोडले. त्यानंतर ती दर महिन्याला यायची. मी डोळ्यांनी पाहिले आहे, तिच्या हातून एक मासा मेला तर ती त्या दिवशी जेवत नसे. मी तिला यावरून चिडवायचे की, तुला नवऱ्याऐवजी मासाच पाहायला हवा.

तिच्याकडूनच मला कळले की, खाली कारखान्यांच्या बाजूला ओढ्यात आता हा मासा राहिलेला नाही. वरच्या अंगालाही थोडाच आहे. सर्वांत जास्त आहेत ते आमच्या डोहात. ती म्हणाली, "देवीमुळे वाचलेत, काकू. मी नुसती मोजते." हे ऐकून मला बरे वाटले होते, खोटे कशाला बोलू.

गुरुवारी दुपारी मुग्धा आली होती. तिने नेहमीसारखी मोजणी केली आणि मासे जिवंत सोडून ती गेली. मी गुडीच्या कट्ट्यावर ब्लाउजला हुक लावत बसले होते, सगळे माझ्यासमोर झाले. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा आली, कारण जात्रेच्या गर्दीआधी तिला आणखी एकदा मोजायचे होते. त्याच वेळी गुडी झाडायला आलेल्या रत्नाबाईंनी आरडाओरडा केला. मी धावत खाली गेले. डोह पांढरा झाला होता. पाणी नव्हे, पाण्यावर पसरलेली माशांची पोटे पांढरी होती.

त्या वेळी मीही भानावर नव्हते, हे लिहून घ्यावे. मुग्धाला मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखे नाही. ती पाण्यात गुडघाभर उभी राहून ओढणीत मासे गोळा करत होती आणि रडत होती. मला म्हणाली, "काकू, पाण्याला वास येतोय, तुम्ही वास घ्या." करोना झाल्यापासून मला कसलाच वास येत नाही. घरात दूध करपले तरी कळत नाही. मी म्हटले, वास-बीस मला सांगू नकोस.

तोवर जात्रेच्या मांडवावरचे लोक खाली उतरले. कोणीतरी तिची पिशवी उलटी केली, त्यातून तेलाची तपकिरी बाटली निघाली. मग काय, विष सापडले म्हणून ओरड झाली. रणवीर गुडीच्या ट्रस्टचा सेक्रेटरी आहे. त्याने बाटली हातात उंच धरली. तिच्या बादल्या त्याने पायाने फोडल्या, मशीन दगडावर आपटली. एका माणसाने मुलीच्या दंडाला धरून तिला पायऱ्यांवरून ओढले. ओळखीचा आहे, पण रागाच्या भरात होता, त्याचे नाव मी घेत नाही. मुलीचा गुडघा फुटला. ते पाहून माझे डोके ताळ्यावर आले. लेकीसारखी पोर, तिला असे ओढतात का? मी तिला गुडीच्या सामानाच्या खोलीत ढकलले, बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्यावर बसले. म्हटले, आधी मला उचला, मग तिला. मला उचलायला कोणी पुढे झाले नाही, पण शिव्या फार ऐकल्या. भीती वाटत होती. तरी उंबरा सोडला नाही.

आतून ती दार ठोकत होती. मला वाचवा म्हणून नव्हे. ती म्हणत होती, "काकू, फळ्या काढायला सांगा! वरून ताजं पाणी येऊ द्या! कडेच्या दगडांत काही अजून जिवंत असतील." मी ऐकले आणि काही केले नाही. वाटले, ही स्वतःला सोडवायला बहाणा करते आहे. तेव्हाच फळ्या काढल्या असत्या तर चार मासे वाचले असते. याचे मला फार वाईट वाटते. पोलीस आले आणि तिला घेऊन गेले, तोपर्यंत फळ्या तशाच होत्या.

दुपारी घरी आले. रणवीरने धुवायला टाकलेली पँट मी बादलीत बुडवली, तेव्हा दिसले की निळ्या पँटवर गुडघ्याखाली लालसर डाग आहेत. रंग गेलेले डाग. हे डाग कशाचे, ते कोणत्याही घरातल्या बाईला कळते. आमच्याकडे संप धुतला की दर वेळी कोणाचे तरी कापड असे वाया जाते. संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, ती आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून धुतो. पण यंदा आमचा संप धुवायचा अजून बाकी आहे. मी जिन्याखाली पाहिले. पावडरची नवी पिशवी तिथे नव्हती.

रणवीर आला तेव्हा मी पँट त्याच्यापुढे टाकली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "आई, पायऱ्यांवर शेवाळ साचलं होतं. पाणी हिरवं झालं होतं. जात्रेला एवढे लोक येणार, एखादी म्हातारी घसरली तर? गुरुवारी सांजचं संपात टाकतो तसं स्वल्प टाकलं."

मी म्हटले, "अख्खी पिशवी म्हणजे स्वल्प?"

"पाणी निवळंल म्हणून टाकलं. मासे देवीचे, त्यांना काय होतंय, असं वाटलं बघ."

मी गुरुप्रसाद यांना सांगितले आहे की, हे त्याचे बोलणे मी खरे मानते. माझा मुलगा मूर्ख आहे, पण मासे मारायला गेला नव्हता. संपात मासे नसतात आणि डोहात असतात, एवढा विचार त्याला सुचला नाही. फळ्या लावलेल्या असल्यामुळे पावडर वाहून गेली नाही, तिथेच साचली. पण त्यानंतर त्याने जे केले ते मूर्खपणाने केले नाही.

मी विचारले, "मग त्या पोरीच्या नावानं फिर्याद का दिलीस?" तो म्हणाला, "सगळे तिलाच धरत होते. मी गप्प राहिलो. मग सगळ्यांनी मलाच पुढं केलं, सेक्रेटरी तू, सही तू कर." मी म्हटले, ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. तेव्हा तो चिडला. म्हणाला, "ती काय, पुण्याला जाईल परत. मी कुठं जाऊ? देवीचे मासे जगतापाच्या पोरानं मारले म्हटल्यावर गावात उभं राहायला जागा राहील का मला? तुला तरी राहील का?"

तो म्हणाला ते खोटे नव्हे. मला त्याच गावात राहायचे आहे, त्याच बायकांचे ब्लाउज शिवायचे आहेत. रात्रभर मी विचार केला की गप्प बसावे. एकुलता एक मुलगा आहे, बाप लहानपणीच गेला, मशीन चालवून वाढवला. पाठीशी घालायला कोणती आई नको म्हणेल? पण त्या मुलीची आई पुण्याहून फोनवर फोन करत असेल, आणि तिची लेक माझ्यासारखीच्या गप्प बसण्यामुळे इथे बसली आहे. हे मला सहन होईना. आणि डोहाच्या पायरीवर मेलेल्या माशांचा ढीग मी स्वतः पाहिला आहे, तो डोळ्यांपुढून जात नाही. मला माझ्या मुलाचा राग आला आहे आणि त्याची कीवही येते. दोन्ही लिहा.

इथपर्यंत लिहून झाल्यावर गुरुप्रसाद यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "अक्का, पोराचं नाव येतंय ह्यात. एकदा इचार करा की. आजारी आहे म्हणा, उद्या येते म्हणा. मी कागद फाडतो." मी त्यांना सांगितले की तुमचा चांगुलपणा समजला, पण कागद फाडायचा नाही. उद्या मी येणार नाही. उद्यापर्यंत माझी हिंमत टिकणार नाही.

पँट मी पिशवीत घालून आणली आहे, ती ताब्यात घ्यावी. मुग्धाने डोहातले पाणी गुरुवारी आणि शुक्रवारी दोन्ही वेळा बाटलीत भरले होते. त्या बाटल्या तिच्या जप्त केलेल्या सामानात नाहीतर तिच्याकडे असतील, त्या विद्यापीठात तपासायला पाठवाव्यात. आज येण्यापूर्वी डोहाच्या फळ्या मी रत्नाबाईंच्या मदतीने काढल्या. पाणी वाहते झाले आहे. वरच्या अंगाला दगडांच्या सावलीत काही मासे हलताना दिसले. ते किती आहेत ते मला सांगता येणार नाही, ते मोजायला मुग्धाच पाहिजे.

गुरुप्रसाद हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवू लागले. मी त्यांना थांबवले आणि मोठ्याने वाचायला सांगितले, कारण माझ्या मागोमाग रणवीर आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता. त्यांनी सगळे मोठ्याने वाचले. अर्ध्यावर रणवीर दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, उठ. घरी चल." मी म्हटले, "मी उठतेच आहे. ही खुर्ची तुझ्यासाठी मोकळी करते आहे."

जे वाचले ते माझेच बोलणे आहे, त्यात कोणी भर घातलेली नाही आणि काही गाळलेले नाही. खाली सही माझ्या हाताची आहे. मुलाला आत घ्यावे. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. आधी चहा द्यावा, मग विचारावे.