काहीच नष्ट होत नाही, म्हणे!

नाही, पण मला एक सांगा, सोडियमला ‘एन-ए’ का म्हणायचं? चांगलं सरळ नाव आहे सोडियम, मग हा ‘एन’ आला कुठून? लोखंडाचं ‘एफ-ई’, शिशाचं ‘पी-बी’, चांदीचं ‘ए-जी’... तुम्हाला सांगतो, मी जन्मभर एका कंपनीच्या जावक विभागात बसून पाकिटांवर पत्ते घातले. माणूस एक आणि पाकिटावर नाव भलतंच, असं एकदा जरी केलं असतं ना, तर हेडक्लार्कने मलाच पाकिटात घालून वर तिकीट चिकटवलं असतं! आणि इथे शंभरावर मूलद्रव्यं टोपणनावांनी हिंडतायत, आणि ती पाठ करून घ्यायची कुणी? मी! या वयात! ज्याला स्वतःच्या गोळ्यांची नावं आठवत नाहीत, तो दुसऱ्याकडून पोटॅशियम परमँगनेट घोकून घेतोय!

आणि त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण काय, तर द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम. द्रव्य निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, त्याचं नुसतं रूप बदलतं. ठळक अक्षरांत, भोवती चौकट! मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. म्हटलं, माझे दात कुठे गेले? डोक्यावरचे केस? घरातल्या सगळ्या छत्र्या? हिचा माझ्यावरचा विश्वास? सगळं कुठे ना कुठे आहेच! काहीच नष्ट होत नाही, म्हणे!

आता तुम्ही विचाराल, या गृहस्थाला या वयात परीक्षेला कुणी बसवलं? परीक्षा माझी नव्हती हो. सुनेची. त्याचं असं आहे... आमचा मुलगा पाणी शुद्धीकरण केंद्रावर होता. शहराला प्यायला पाणी लागतं, पाण्यात जंतू असतात, जंतू मारायला क्लोरीन लागतो, आणि क्लोरीनच्या खोलीत एक माणूस लागतो. तो आमचा मुलगा. एक दिवस सिलिंडर गळला. जंतूंना लागतो त्यापेक्षा जरा जास्तच गळला. बस. त्यावर मी बोलणार नाही, मला रसायनावर बोलायचंय.

तर तेराव्याच्या आत... नाही, थोडे दिवस गेल्यावर म्हणा, केंद्राचे साहेब घरी आले. घरी म्हणजे त्यांच्याच क्वार्टरमध्ये, मुलाच्या नोकरीमुळे मिळालेल्या. खुर्चीच्या टोकावर बसले, पाणी घेतलं, अर्धं प्यायले आणि म्हणाले, ‘काका, जागा आम्ही सूनबाईंसाठी राखून ठेवलीय. अनुकंपा तत्त्वावर. क्वार्टरही राहील. फक्त एक आहे, शालान्त परीक्षेचं विज्ञान पूर्ण पाहिजे. त्यांचं रसायन राहिलंय.’ असं म्हणाले, जसं काही रसायन पानात राहिलंय! मी म्हटलं, साहेब, रसायनाने तिचा नवरा नेला, आता रसायन येत नाही म्हणून घरही न्यायचं? तर म्हणतात, ‘काका, नियम मी केलेला नाही.’ खरंच आहे. नियम हा द्रव्यासारखाच असतो. कुणी निर्माण केलेला नसतो आणि नष्ट तर करताच येत नाही!

मग सुनेचा भाऊ आला. चांगला मुलगा आहे, वाईट बोलवत नाही. बूट न काढता दारातच उभा. ‘अगं, तू चल बरं. माझ्याकडे एक खोली आहे. इथे काय ठेवलंय आता?’ इथे आम्ही दोघं ठेवलेलो होतो, खाटेवर, शेजारी शेजारी. पण त्याची नजर आमच्यावरून अशी गेली, जशी सामान आवरताना मोडक्या पंख्यावरून जाते. मला पेन्शन नाही, माझी कंपनी माझ्याआधीच निवृत्त झाली. म्हणजे सून गेली, की क्वार्टर गेलं, आणि आम्ही दोघं... आमचं नुसतं रूप बदललं असतं, नष्ट काही झालो नसतो! सून म्हणाली, ‘परीक्षा होऊ दे दादा, मग बघू.’ बघू! त्या एका ‘बघू’वर हिने देवापुढे दिवा लावायला सुरुवात केली आणि मी पुस्तक उघडलं.

आधी शिकवणी लावून पाहिली. वर्गात सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, तिला ‘काकू’ म्हणायची. ‘काकू, जरा सरका, फळा दिसत नाही.’ मास्तर नवीनच लागलेले, ती आत आली की पालक आल्या समजून उठून उभे राहायचे. दोन दिवस तिने काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच घ्या माझी उजळणी.’ हिने लगेच आतून, ‘ते काय घेणार? त्यांना साधी सोड्याची आणि मिठाची बरणी ओळखता येत नाही!’ मी म्हटलं, दोन्हींत सोडियमच असतं, रसायनाच्या दृष्टीने मी फार चुकत नव्हतो. माझी सुरुवात ही अशी झाली.

तुम्हाला सांगतो, मी शिकवायला वाईट नव्हतो हो! अणू म्हणजे काय? कचेरी. मधे केंद्रक, म्हणजे साहेबांची केबिन, सगळं वजन तिथे. बाहेर इलेक्ट्रॉन, म्हणजे आम्ही, वजन काही नाही, दिवसभर नुसते फिरतोय. सोडियमकडे एक कारकून जास्त, क्लोरीनकडे एक कमी, इकडून तिकडे बदली झाली, दोघंही खूश, झालं मीठ! आणि निष्क्रिय वायू! कशात भाग घेत नाहीत, कुणाशी संयोग पावत नाहीत, भरल्या पोटी आपापल्या जागी बसून असतात. मी म्हटलं, हे पाठ करू नकोस, हे मला तोंडपाठ आहे, माझ्या विभागात हेलियमपासून रेडॉनपर्यंत सगळे होते! सून हसली. आवाज करून हसली. ही हातात झारा घेऊन दारात आली, कसला आवाज झाला ते बघायला.

मोल मात्र मला जमला नाही. सहाच्या पुढे शून्यंच शून्यं, आगगाडीसारखी! इतके अणू, एका चिमटीत! मी म्हटलं, मोजले कुणी? तपासले कुणी? खाली सही कुणाची? ‘बाबा, नुसतं लिहायचं असतं,’ म्हणाली. आवर्तसारणी आम्ही स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फरशीवर चिकटवली, म्हणजे पोळ्या करता करता पाठ होईल. वाफेने तिच्या तळाच्या दोन ओळी सुटल्या आणि दुधात पडल्या. ही म्हणाली, ‘आता हे दूध प्यायचं की नाही?’ त्या ओळींतली अर्धी किरणोत्सर्गी! मी म्हटलं, पी, कागदच आहे. तिने दूध ओतून दिलं. नष्ट नाही झालं, मोरीत गेलं!

आणि मग आला सतरावा गण.

हॅलोजन म्हणतात त्यांना. फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. मी आदल्या दुपारी पुढचं वाचून ठेवायचो, जावकचा कारकून, तयारीशिवाय टेबलावर बसत नाही. पान उलटलं तर समोर तो. क्लोरीन. दोन पानं पूर्ण. शेजारी सिलिंडरचं चित्र, वर लाल त्रिकोण. पिवळसर हिरवा, उग्र वासाचा... मी तिथेच थांबलो. आता हे मी तिला मोठ्याने विचारू? ‘सांग बाळ, क्लोरीन श्वासावाटे शरीरात गेल्यास काय होते?’ तिने उभं राहून सांगायचं, आणि हिने आतून ऐकायचं? मी उठलो, डिंकाची बाटली काढली, आणि ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली. कडेला कडा लावून, वर इस्त्री केल्यासारखा हात फिरवून. चाळीस वर्षं पाकिटं बंद केली आहेत, तुम्हाला सापडलीच नसती! ही म्हणाली, ‘अहो, पुस्तकाला वास कसला येतोय?’ मी म्हटलं, नव्या पुस्तकाला येतो. ‘पण जुनं आणलंय ना?’ या बाईला विज्ञान शिकवलं असतं, तर कुठल्या कुठे गेली असती.

संध्याकाळी उजळणीत फ्लुओरीन झाला, पान उलटलं, एकदम ब्रोमीन. मी सहज म्हटलं, मधलं काही विचारत नाहीत. ‘हो बाबा,’ सूनही सहज म्हणाली, ‘ते येतच नाही.’ मला हायसं वाटलं. म्हटलं, कळलं नाही पोरीला!

परीक्षेच्या दिवशी मी परीक्षा केंद्राच्या पायरीवर बसून होतो. पोरं बाहेर येत होती, कुणी रडतंय, कुणी खातंय. ती आली, शेजारी बसली, प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. मी चष्मा लावला. प्रश्न चौथा, सक्तीचा. क्लोरीन वायूचे गुणधर्म लिहा, पाणी शुद्ध करण्यासाठी त्याचा उपयोग सांगा, तो हाताळताना कोणती काळजी घ्याल? तुम्हाला सांगतो, माझ्या हातापायांतलं सगळं द्रव्य त्या क्षणी नष्ट झालं! नियम गेला खड्ड्यात! तिची नोकरी, हिचा दिवा, आमचं छप्पर, सगळं मी स्वतःच्या हाताने डिंक लावून बंद केलं होतं!

‘सोडलास ना प्रश्न?’ मी म्हटलं.

‘नाही. लिहिला.’

‘अगं, पण ती पानं...’

‘किटलीच्या वाफेवर सुटतात, बाबा.’

‘पण मी परवाच पाहिली, चिकटलेली होती!’

‘मी परत चिकटवली. तुम्ही एवढी नीट चिकटवली होतीत.’

म्हणजे बघा! मी सुनेला कळू नये म्हणून चिकटवतोय, ती मला कळू नये म्हणून सोडवतेय, वाचतेय आणि पुन्हा चिकटवतेय, माझ्याच बाटलीतल्या डिंकाने! घरी आल्यावर आमची ही म्हणते, ‘मला माहीत होतं. किटली रोज तापायची आणि चहा कुणालाच मिळायचा नाही.’

पण ते नंतर. तिथे पायरीवर मी विचारलं, विचारायला नको होतं, सवय लागली होती म्हणून विचारलं, ‘काय लिहिलंस?’ आणि ती उजळणीच्या सुरात सांगायला लागली. ‘पिवळसर हिरवा, उग्र वासाचा, विषारी. हवेपेक्षा जड. गळती झाली तर खाली साचतो, म्हणून वरच्या बाजूला पळावे. खाली उतरू नये.’

आमचा मुलगा खाली उतरला होता. झडप खाली होती. तुम्हाला वाटेल, त्याला ठाऊक नसेल. शाळेत रसायनात तो पहिला आला होता, बक्षिसाचा पेला अजून कपाटात आहे. सगळं पाठ होतं त्याला. पूर्ण गुणांनिशी उतरला.

 मग शिपायाने गेट लावायला घेतलं.

ती पास झाली. जेमतेम झाली, मोलाने घात केलाच, पण झाली. भावाला तिने फोन केला, ‘दादा, बघितलं. मी इथेच राहते.’ ही रडली, मी पुस्तक रद्दीत टाकलं, ते हिने परत आणलं. साहेबांनी बोलावलं, पेढ्याऐवजी बिस्किटं दिली. ‘अभिनंदन, काका! सूनबाईंना सोमवारपासून पाठवा.’ मी म्हटलं, कुठे, प्रयोगशाळेत का? ‘तिथे भरती बंद आहे.’ मग कचेरीत? ‘तिथे आधीच माणसं जास्त आहेत.’ हो, हेलियम, निऑन, मला माहीत आहेत! मग रिकामी जागा आहे कुठली? साहेबांनी बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. ‘नवीन झडप बसवलीय, काका,’ म्हणाले. ‘आता वरूनच बंद होते.’

मी तिला म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, ‘मग कुठे जाऊ, बाबा?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही, चिकटलेल्या पानांतही नाही. काहीच नष्ट होत नाही, म्हणे, रूप बदलतं! इथे खोली तीच, खुर्ची तीच, डबासुद्धा तोच, हिने नुसतं झाकण नवीन घेतलं.

आता उजळणी रोज असते. सकाळी ती डबा घेते, चप्पल घालते, आणि मी दारातून विचारतो, ‘गळती झाली तर कुठे पळायचं?’

‘वर, बाबा!’ ती ओरडून सांगते... जिना उतरून खाली जाता जाता.