पुसायचं नाही म्हणजे नाही

...आणि ओट्यावरची भिंतसुद्धा पुसायची नाही म्हणे! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी त्या भिंतीवर खडूनं रेघाच रेघा ओढल्यात, आणि मी भांडी घासायची ती शिंतोडे न उडवता... का, तर ते सर्किट आहे, पुसायचं नाही म्हणजे नाही. आता मी सातवी शिकलेली, मी विचारलं, असं काय त्यात? तर म्हणे, मशीननं आतलं काही पुसलं की ते तेवढं तापतं, म्हणून मी काहीच न पुसणारं करतोय, उत्तरावरून उलट चालत थेट मूळ आकड्यांपर्यंत परत जाणारं. ऐका! मशीन विसरलं की मशीन तापतं... आमच्या घरात मी विसरले की सासूबाई तापतात.

पण गाडी अडली. मधल्या हिशेबाला लागलेल्या जादा तारांत काहीबाही उरायचं, आणि ते तर पुसायचं नाही म्हणजे नाही, मग दर वेळी नव्या तारा, नुसतं जंजाळ! साहेबांनी बजावलेलं, शुक्रवारपर्यंत तारा कमी करा, नाहीतर महिनाअखेर नोकरी संपली. त्यात माझ्या कडेवर तान्ही पोर, आणि ती खाली ठेवली की रडून घर डोक्यावर घेणार!

एका दुपारी हे म्हणाले, दे इकडे. मानेखाली हात घालून पाळण्यात ठेवली, मग थोपटलं, मग गुणगुणले. ती झोपल्यावर सगळं उलट्या क्रमानं... आधी गुणगुणणं थांबवलं, मग थोपटणं, अगदी शेवटी हात काढला. पोर हूं नाही की चूं नाही! आणि हे? हात तसाच हवेत, डोळे भिंतीवर.

"अगं," हळूच म्हणाले, "उत्तर तेवढं कोऱ्या तारेवर उतरवून घ्यायचं, आणि आलो तसंच पावलापावलानं मागे जायचं. जादा तारा पुन्हा कोऱ्या. पुसायलाच नको."

शुक्रवारी साहेबांनी स्वतः उलटं चालवून पाहिलं, आकडे जसेच्या तसे परत! नोकरी पक्की, वर मोठं काम हातात. मी तर शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून आले, कळो न कळो. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय नवल? पायाळूच जन्मलाय तो. उलटं यायची सवय जन्मापासूनची."

अभिमान आहे हो, का नसेल? पण मोठं काम म्हणजे... कुठूनही परत येणारं मशीन बनवलंय खरं ह्यांनी, फक्त बनवणारा माणूस सकाळी बाहेर पडला की रात्रीच्या जेवायच्या वेळेपर्यंतसुद्धा काही परत येत नाही.