सुनेचा समुद्र काही बसेना

...आणि चार महिने अळणी जेवायचं म्हणजे काय चेष्टा आहे का हो? पण नवस केलाय ना, देवापुढे हात जोडून, की आमच्या सुनेचा समुद्र एकदाचा बसू दे, मगच मिठाला शिवेन! आणि समुद्र काही बसेना...

समुद्र म्हणजे संगणकातला हो! सून हवामानाच्या संस्थेत आहे. पाणी किती चढणार ते ही काढणार, मग बांधकाम खात्याचे साहेब आमच्या गल्लीपुढे भिंत घालणार. इथे भरतीचं पाणी आत्ताच पहिल्या पायरीला लागतंय, माझा जीव टांगणीला, आणि ही काय म्हणते? "आई, आधी शांत पाणी घ्यायचं, त्याला वारा द्यायचा, ऊन द्यायचं, संगणकातली हजार वर्षं गेली की तो बसतो, खऱ्यासारखा वाहतो. मग पुढचं विचारायचं." हजार वर्षं! रोज भाजी चिरता चिरता मी विचारते, "किती झाली गं?" "चारशे वीस, आई."

तुम्हाला सांगते, नऊशेव्या वर्षी पोरगी मटकन खाली बसली! काय, तर समुद्राचे चौकोन पाडतात, एकेक चौकोन अख्ख्या शहराएवढा, आणि एका आखाताचं तोंड त्याहून अरुंद, म्हणून ते बुजूनच गेलं! आत कोंडलेलं पाणी उन्हानं आटतंय, आटतंय... "आई, मीठ फार झालं हो!" घ्या! इकडे मी अळणी, तिकडे हिचं खारट! बिचारीनं हातानं ते तोंड उघडलं आणि पुन्हा वर्ष पहिलं. समुद्र काही बसेना...

गेल्या सोमवारी मात्र बसला हो! मी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, डोळे भरून आले. मग हिनं पुढचं विचारलं, आकडा निघाला, शतकअखेर पाणी दीड ते चार फूट चढणार. साहेब गुरगुरले, "दीड की चार? भिंतीला एकच उंची असते, बाई!" ही म्हणाली, "माणसं धूर किती सोडतील त्यावर आहे, साहेब. शिवाय चौकोन मोठे आहेत..." "मग बारीक करून आणा!"

बारीक चौकोन म्हणजे समुद्र पुन्हा पहिल्यापासून बसवायचा, आणि दहापट वेळ. पावणेदोन वर्षं! मीठ परत डब्यात.

आज सकाळी पाणी दुसरी पायरी चढलं. मी उंबऱ्याला वाळूचं पोतं लावलं, हात जोडले आणि म्हटलं, "बाबा रे, जरा दमानं ये... तुझा आकडा अजून मंजूर व्हायचाय!"